चवरीची माती

करडीच्या आमच्या घराची वाटणी झाली त्या दिवशी मी दहा वर्षांची होते. ओसरीवर पंच बसले होते. पितळेचे गुंड, काशाच्या थाळ्या, नांगर, वखर, बैलजोडी, ढोलीतलं धान, लोखंडी पेटी, एकेक वस्तू पुढे येत होती आणि कागदावर चढत होती. धाकट्या काकांना गावातच नवं घर बांधायचं होतं. पंचांनी विचारलं, तुझं आणखी काही मागणं आहे का? काका म्हणाले, "चवरीची माती पाहिजे."

आजी काही न बोलता उठली. देवघरात गेली, खुरप्यानं चवरीची मूठभर माती उकरली, कोऱ्या फडक्यात बांधली आणि काकांच्या ओंजळीत ठेवली. उकरलेली जागा तिनं लगेच ओल्या मातीनं बुजवली आणि सारवून टाकली. सकाळपासून बैलजोडीवरून हमरीतुमरीवर आलेले दोघे भाऊ तेव्हा रडले. वाटणीच्या कागदात त्या मातीचा उल्लेख नाही. कागद अजून आमच्याकडे आहे, मी तो अनेकदा वाचला आहे.

आमच्या देवघरात मूर्ती नव्हती. अंधारी खोली, एका कोपऱ्यात मातीचा हातभर ओटा, त्यावर शेंदराचे टिळे आणि शेजारी दिवा. ही चवरी. लहानपणी मला तिची लाज वाटे. गावातल्या इतर घरांत तसबिरी असत, पितळी बाळकृष्ण असत, आणि आमच्याकडे नुसतं मातीचं ढेकूळ. एकदा मी आजीला विचारलं, आपला देव असा का? ती म्हणाली, "टुरी, आमी धारलक आया सेजन." आपण धारहून आलो आहोत. जो देव पाठीवर घेऊन चालता येत नाही तो वाटेत राहिला, माती तेवढी सोबत आली.

करडी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं गाव. तालुक्याचं ठिकाण वैनगंगेच्या पल्याड, आम्ही अल्याड. दक्षिणेला कोक्याचं जंगल, उत्तरेला देव्हाड्याकडून जाणारी रेल्वे, आणि मधे धानाच्या बांध्या. या भागात आम्हा पोवारांची घरं पुढे तिरोडा, गोंदिया, गोरेगावकडे वाढत जातात आणि राज्याची सीमा ओलांडून बालाघाट, सिवनीपर्यंत पसरतात. बिसेन, पटले, रहांगडाले, तुरकर, टेंभरे, कटरे, बोपचे, ठाकरे, चौहान, शरणागत, हरिणखेडे अशी आडनावं ऐकली की भंडाऱ्याचा माणूस ओळखतो. परजिल्ह्यात मात्र आम्हाला प्रत्येक वेळी सांगावं लागतं, की आमचे ठाकरे मुंबईचे नव्हेत आणि आमचे पोवार कोल्हापूरचे नव्हेत. हे कुठले मग, असा प्रश्न पुढे येतोच. त्याचं उत्तर म्हणजे आजीचं ते एक वाक्य.

आजीची कथा अशी. माळव्यात धार नावाचं नगर, तिथे भोज नावाचा राजा. त्याच्या राज्यात पाणी मावत नव्हतं इतके तलाव. पुढे परक्यांचं राज्य आलं, जाच वाढला. मग छत्तीस कुळं गाड्या जुंपून निघाली. गडकालिकेला नारळ फोडला. नर्मदा ओलांडली, सातपुडा चढून उतरला. गाड्यांत बी होतं, बायकामुलं होती, तलवारी होत्या. रामटेकच्या डोंगराजवळ नगरधनला पहिला मुक्काम पडला. तिथून कुणी आंबागडला गेलं, कुणी चांदपूरला, आणि शेवटी वैनगंगेच्या दोन्ही काठांना तलवारी गेल्या आणि नांगर आले. आजी कथा नेहमी इथेच थांबवी. पुढे काय झालं असं विचारलं तर म्हणे, पुढे काय, पुढे धान.

मी शिक्षिका झाले, भंडाऱ्यात राहू लागले, तेव्हा ही कथा कागदावर कुठे सापडते का ते शोधायला लागले. सापडली, पण एका जागी नाही.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा चार खंडी ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात राजपुतांच्या प्रकरणात पंवार म्हणून आमची नोंद आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातले पंवार धानाच्या शेतीत आणि पाटपाण्यात किती तरबेज आहेत हे त्यात लिहिलं आहे. भंडाऱ्याच्या १८६७ च्या जमीनबंदोबस्ताच्या अहवालाचा आधारही त्यात घेतलेला आहे. आधी रामटेकजवळच्या नगरधनला वस्ती, मग आंबागड आणि चांदपूर, नंतर चिमणाजी भोसल्यांबरोबर कटकच्या मोहिमेत गेलेल्यांना बक्षीस म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी. चिमणाजींची ती स्वारी १७८१ च्या आसपासची, म्हणजे वॉरन हेस्टिंग्ज बंगालमध्ये होता तेव्हाची. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ ग्रंथालयात बसून राहिले. नगरधन, आंबागड, चांदपूर. आजीनं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, तिला अक्षरओळख नव्हती. गावांची नावं तिनं त्याच क्रमानं सांगितली होती.

तिच्या कथेत कटक नव्हतं. कटकच्या मोहिमेला पुरुष गेले असतील, आणि आजीच्या कथा तिला तिच्या आजीकडून आल्या होत्या. बायकांच्या तोंडून आलेल्या इतिहासात मुक्कामाची गावं राहतात, लढाया गळतात, असं मला वाटतं.

आता धारहून आलो ते कधी? इथे मतं फुटतात. नागपूरच्या संग्रहालयात माळव्याच्या परमार राजांचा एक शिलालेख आहे, नागपूर प्रशस्ती म्हणून तो ओळखला जातो. विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इसवी सन ११०४-०५ चा. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावला परमार जगद्देवाचा १११२ चा लेख आहे. म्हणजे भोजाच्या वंशातल्या माणसांचे पाय नऊशे वर्षांपूर्वी विदर्भाला लागले होते हे नक्की. त्यावरून काही जण म्हणतात की आम्ही तेव्हापासूनचे. दुसरं मत असं, की देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद दिल्लीला औरंगजेबाच्या दरबारात जाऊन आला, त्यानं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, ठिकठिकाणचे शेतकरी आणि कारागीर आपल्या मुलखात आणले, आणि त्याच लोंढ्यात आमची माणसं माळव्यातून आली. आंबागडचा किल्लाही त्याच काळातला, बख्त बुलंदच्या सुभेदारानं बांधलेला.

मला दुसरं मत पटतं. नऊशे वर्षं एका जागी राहिलेल्या लोकांची बोली शेजाऱ्यांच्या बोलीत पूर्ण विरघळली असती. आमची विरघळली नाही. तीनशे वर्षं हा असा काळ आहे की ज्यात वस्तू हरवतात पण क्रियापदं टिकतात.

वस्तूंबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण आमच्या घरात एक पायली होती. पितळेची, जाड काठाची, धान मोजायची. आजीच्या म्हणण्याप्रमाणे ती धारहून आलेली. खळ्यावर धान मोजताना पहिलं माप ती हातानं घाली, एक न म्हणता लाभ म्हणे, मग दोन, तीन. पायलीचा काठ एका बाजूनं झिजून पातळ झाला होता. वर आलेलं धान सपाट करायला ज्या बाजूनं हात फिरतो ती बाजू. बोट फिरवलं की कळे, इथे पितळ कागदासारखं आहे आणि समोरच्या बाजूला अजून जाड. कुणाकुणाचे हात फिरले असतील, हा विचार लहानपणीही माझ्या मनात यायचा.

वाटणीत पायली वडिलांकडे आली, पुढे माझ्याकडे. मी ती भंडाऱ्याच्या एका जुन्या कासाराला दाखवली. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव, पिढ्यान्पिढ्या हा धंदा इथे चालला. त्या म्हाताऱ्या कासारानं पायली उलटी केली, बुडावर नखानं टिचकी मारली, कडेच्या जोडाकडे बघितलं आणि म्हणाला, बाई, हे आपल्या भंडाऱ्याचंच काम आहे, शंभर-सव्वाशे वर्षांच्या वर जुनं नाही.

मला वाईट वाटलं. पण मग लक्षात आलं, की धारहून निघालेल्या गाड्यांतलं काहीच आज आमच्या घरात असणं शक्य नाही. पितळ वितळतं, मोडीत जातं. चांदीचे तोडे मुलींच्या लग्नात मोडले, दुष्काळात विकले. तलवारीचं पातं कुणीतरी विळा करायला दिलं, हे तर आजोबांनीच सांगितलं होतं. पायली भंडाऱ्याची, पण पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं, ते कुठलं? आणि चवरीची माती तरी धारची कशी असेल? दर पिढीनं मूठभर उचलली आणि नव्या मातीत मिसळली. आज त्या ओट्यात माळव्याचा एखादा कण असेल किंवा नसेल. उचलून नेण्याची रीत मात्र नक्की तिथली.

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. तिच्या शेजारच्या बाई इटालियन वंशाच्या. त्यांच्या पणजोबांची लाकडी पेटी दिवाणखान्यात मांडलेली आहे, आणि ते ज्या जहाजातून न्यूयॉर्कला उतरले त्या जहाजाच्या यादीत त्यांचं नाव, वय, खिशातले पैसे इतकं सगळं लिहिलेलं आहे. एलिस बेटावरचं ते नोंदणीचं ठाणं १८९२ साली उघडलं, आणि तिथे उतरलेल्या लाखो इटालियन माणसांच्या नोंदी जपल्या गेल्या. भाचीनं मला फोनवर विचारलं, मावशी, आपल्याकडे असं काय आहे? मी सांगितलं, यादी होती, पण ती भाटाकडे.

भाट म्हणजे आमच्या वंशावळी ठेवणारे. काही वर्षांनी एकदा ते गावात येत. लाल फडक्यात गुंडाळलेली लांबोडकी पोथी असे. पाटावर बसवून, पाय धुऊन, गूळपाणी देऊन मग पोथी उघडायची. भाट कुळाचं नाव घेऊन सुरू करी आणि बापाच्या बापाची नावं एका दमात म्हणत खाली येई, थेट घरात नव्यानं जन्मलेल्या पोरापर्यंत. नव्या नावाची नोंद झाली की त्याला धान, धोतरजोडी आणि जमेल ते रोख देत. माझं नाव त्यात लिहिलं गेलं नाही, कारण मुलींची नावं पोथीत चढत नसत. आजीचं नव्हतं, आईचं नव्हतं. ज्यांनी गावांची नावं तोंडपाठ ठेवली, चवरी सारवली, सगळे नेंग, म्हणजे रीतीभाती, पाळल्या, त्यांचं एकही नाव त्या पोथीत नाही. याचा मला आजही राग येतो. भाट आमच्या घरी शेवटचा आला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

पोथी गेली तरी भाषा होती. पोवारी. त्यात 'आहे'ला 'से' म्हणतात. माझं म्हणजे मोरो, तुझं म्हणजे तोरो. मी घर जासू, तू जासेस, आमी जासेजन. ऐकणाऱ्याला वाटतं मराठी आहे, मग वाटतं हिंदी आहे, मग वाटतं गुजरातीचा वास येतो. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा सहावा खंड १९०४ साली निघाला, त्यात बालाघाट आणि भंडाऱ्याची पोवारी नोंदवलेली आहे. त्यानं ती पूर्व हिंदीच्या, बघेलीच्या फुटक्या बोलींमध्ये घातली. माळव्याहून आलेल्यांची बोली बघेलीत कशी, हा प्रश्न अभ्यासकांनी सोडवावा. मला एवढं दिसतं, की या बोलीवर वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाची धूळ आहे. माळवी आहे, बुंदेली आहे, आणि सर्वात वर झाडीपट्टीची मराठी.

आमच्या घरात चुलीपाशी पोवारी आणि ओसरीवर मराठी चाले. पाहुणा आला की आजोबांची भाषा बदले. मी शिकायला बाहेरगावी गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून 'मोरो नाव' म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. शिक्षकही हसले. त्या दिवसापासून मी बाहेर पोवारी बोलले नाही, आणि पुढे घरीही बोलले नाही, आणि माझ्या मुलांशी तर कधीच नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं असंच झालं. २०११ च्या जनगणनेत पोवारी ही मातृभाषा सांगणारे सव्वातीन लाखांच्या आसपास होते, आणि तेही हिंदीच्या खात्यात मोजलेले. समाज त्याहून कितीतरी मोठा आहे. सव्वातीन लाख हा आकडा मला रोज टोचतो, कारण त्या आकड्यात मी नव्हते. मातृभाषा या रकान्यात मी मराठी लिहिली होती.

मराठी माझी आहेच. मी तिच्यात शिकले, तिच्यात शिकवलं, तिच्यात लिहिते आहे. पण आजी शेवटच्या आजारात सगळी मराठी विसरली आणि फक्त पोवारीत बोलू लागली तेव्हा तिच्याशी नीट बोलू शकतील अशा फक्त आत्याबाई घरात उरल्या होत्या.

आजीचं माहेर वारासिवनीकडचं, बालाघाट जिल्ह्यातलं. ती नवरी होऊन आली तेव्हा बालाघाटहून छोट्या गाडीनं गोंदियाला, तिथून मोठ्या गाडीनं मुंडीकोट्याला आणि पुढे बैलगाडीनं करडीला. सासर आणि माहेर दोन्ही मध्य प्रांतात. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि आजी एका दिवसात परराज्यातली झाली. १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि आत्याबाईंचं सासर परजिल्ह्यात गेलं. आमचं कुळ एकदाच हललं. त्यानंतर आम्ही जागेवर आहोत आणि रेषा हलत आहेत.

या रेषांचा परिणाम लग्नात दिसतो. तिकडच्या मंडळींची पत्रिका हिंदीत छापलेली, इकडची मराठीत. तिकडे आजीला नानी म्हणणारी मुलं, इकडे आजी म्हणणारी. पण मांडव पडला, तेल-हळद सुरू झाली की दोन्हीकडच्या म्हाताऱ्या एकत्र बसतात आणि नेंग-दस्तूर एका सुरात ठरतात. आधी कुणी पाणी शिंपायचं, काकण कुणी बांधायचं, कुठल्या नेंगाला कुणाचा मान. कुळ एक असेल तर सोयरीक नाही, हा नियम दोन्ही राज्यांत सारखाच. कुठल्याही सरकारी कागदाला जे जमलं नाही ते त्या म्हाताऱ्यांना जमतं.

आणि स्वयंपाकात तर सीमा नाहीच. कोचई म्हणजे अळू. भादव्यात परड्यातली कोचईची पानं सुपाएवढी होतात. उडदाची डाळ रात्री भिजवून पाट्यावर रवाळ वाटायची, त्यात मिरची, लसूण, जिरं, ओवा. पान उलटं पसरायचं, शिरा चाकूनं तासायच्या, नाहीतर घशाला खाज सुटते. डाळीचा हात फिरवायचा, त्यावर दुसरं पान उलट्या दिशेनं, मग तिसरं, आणि कडा दुमडून घट्ट गुंडाळी. वाफवून, कापून, तेलात परतून, मग आंबट ताकाच्या कढीत सोडायच्या. आजी गुंडाळी करताना पानाचा देठ कधी फेकत नसे. देठांची वेगळी भाजी होई. दसऱ्याला चवरीपुढे ह्या वड्या आणि मयरी लागायचीच. मयरी आमच्या घरी तांदूळ ताकात शिजवून करत, अगदी साधी. सुवारी, बडा, घारी हे सगळं पाहुण्यांसाठी, देवाला मात्र मयरी. पुढे मला कळलं की बुंदेलखंडात ताकात शिजवलेल्या धान्याला महेरी म्हणतात. माळव्यातून सातपुड्याकडे उतरणाऱ्या वाटा त्याच मुलखाच्या कडेनं येतात. हा पुरावा म्हणून न्यायालयात टिकणार नाही. पण प्रवासात असलेल्या माणसांना एका भांड्यात, थोड्या सरपणावर, जे शिजवता येईल तेच देवाला चढतं, यात मला आमच्या वाटचालीची खूण दिसते.

धानाबद्दल आणि तलावांबद्दल बोलताना मी सावध असते. भंडाऱ्याच्या तलावांचा पहिला मान कोहळी समाजाचा, त्यांची स्वतःची कथा काशीहून येण्याची आहे. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत आणि ते एका जातीनं बांधलेले नाहीत. पण पोवारांनाही पाण्याची नजर होती. आजोबा पावसाळ्याच्या तोंडाशी तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, चालत जात आणि पायानं दाबून सांगत, इथे माती पोकळ झाली, इथून पाणी झिरपेल. तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडण्याचा दिवस, सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी किती जाऊ द्यायचं, कुणाच्या बांधीला आधी, कुणाच्या नंतर, याचे वाद ते पारीवर बसूनच मिटवत. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली. ती जायलाच हवी होती, जमीन कसणाऱ्या कुळांनी फार सोसलं होतं. पण तलावाची मालकी सरकारकडे गेली आणि पारीवरून चालणारे पाय थांबले. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. आजी म्हणे, भोजराजाचे तलाव परक्यांनी फोडले, आपले आपणच बुजू दिले. भोपाळजवळ भोजानं बांधलेला विशाल जलाशय पंधराव्या शतकात होशंगशहानं बंधारा फोडून रिकामा केला हा इतिहास आहे. आजीला होशंगशहाचं नाव माहीत नव्हतं, फुटलेला तलाव माहीत होता.

करडीच्या आसपास एकटे आम्हीच बाहेरून आलेलो नाही. लोधी उत्तरेतून आल्याचं सांगतात, कोष्ट्यांची माग घेऊन फिरल्याची कथा आहे, मरारांची वेगळी आहे. आधीपासूनचे म्हणावेत तर गोंड आणि नदीवरचे ढिवर. कार्तिकात माडगीला वैनगंगेच्या पात्रातल्या नृसिंहाची जत्रा भरते, तिथे हे सगळे एकाच वाळूत चूल मांडतात. नदीकाठच्या गावात प्रत्येक घरी एक कुठून तरी आल्याची गोष्ट आहे. आमची थोडी जास्त लिहिली गेली, एवढंच.

मी एकदा धारला गेले. निवृत्तीनंतर, मुलाबरोबर. गडकालिकेच्या देवळात नारळ फोडला. पुजाऱ्यानं गाव विचारलं. भंडारा म्हटल्यावर तो म्हणाला, तुमच्याकडची माणसं येतात, दरवर्षी येतात. मला वाटलं होतं मन भरून येईल. तसं झालं नाही. शहर अनोळखी होतं, माती काळी होती. आमची करडीची माती पिवळसर, धानाची, ओली असताना पायाला चिकटणारी. देवळाच्या आवारातली चिमूटभर काळी माती मात्र मी रुमालात बांधून आणली. त्या वर्षी दसऱ्याला करडीला गेले, चुलतभावाच्या घरातली चवरी सारवायला घेतली होती, आणि त्या गाऱ्यात मी ती सोडली. वहिनी म्हणाली, ताई, हे कुठल्या नेंगात आहे? मी म्हटलं, आता आहे.

मूळ घर पडलं. धाकट्या काकांचं घर उभं आहे, आता सिमेंटचं, फरशी आहे, पण देवघराच्या कोपऱ्यात हातभर जागा कच्ची ठेवलेली आहे. गेल्या वर्षी त्यांच्या नातवानं नागपूरला सदनिका घेतली. नवव्या मजल्यावर चवरी कशी बांधायची हे त्याला कळेना. त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, एका कुंडीत बांध. त्यानं करडीहून माती नेली, कुंडीत थापली, शेंदूर लावला. दसऱ्याला त्याच्या बायकोनं मोबाइलवर मला विचारून मयरी केली, पहिल्यांदाच. तांदूळ खाली लागला, तरी चढवली.

त्याच फोनवर मी तिच्याशी पोवारीत बोलले. पन्नास वर्षांनी. ती मराठीच बोलत राहिली, पण तिची चार वर्षांची मुलगी मधेच ओरडली, "से म्हणजे काय?"

तुमच्या घरात पोवारी, कोहळी, लोधी, कोष्टी, कुठल्याही बोलीत बोलणारं सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांना आज संध्याकाळी एवढंच विचारा, आपण कुठून आलो आणि वाटेत कुठे कुठे थांबलो. गावांची नावं त्याच क्रमानं लिहून घ्या. आणि ज्या बाईकडून ती ऐकलीत, तिचंही नाव त्याखाली लिहा.